पाच माणसांचे शंभर

डहाणू, ता. ९ जुलै १९६२

ती. हिरकणीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे चुलीत घालू नकोस. एक तर हे पत्र कचेरीच्या कामाचं आहे. दुसरं, या पावसात तुझं सरपणच ओलं असणार, माझ्या कागदाने काय पेटणार आहे! आठ वर्षांत तुला तीन पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. डहाणूहून वाढवण म्हणजे काही लंका नव्हे. असो. तक्रार करायला बसलेलो नाही.

कामाचं सांगतो. जिल्हा परिषद आली आणि आमच्या हुद्द्याचं नाव बदललं. कालपर्यंतचा डेप्युटी मी, आता विस्तार अधिकारी. पाड्यावर गेलो की पोरं मात्र अजून ‘दिपोटी आला, दिपोटी आला’ करत झाडावर चढतात. नव्या साहेबांनी आल्या आल्या हुकूम काढला की डहाणू आणि तलासरीकडच्या त्रेचाळीस प्राथमिक शाळांतल्या मुलांना खरोखर वाचता येतं का, गणित येतं का, ते पाहून कळवा. मी मनात म्हटलं, यात पाहायचं काय? बारा वर्षं मीच तर तपासतो आहे. दोन दिवसांत कागद भरून देतो.

म्हणून पहिल्यांदा रामनाथ गुरुजींच्या शाळेत गेलो. माझ्या शेरेबुकात त्यांच्या शाळेला दर वर्षी ‘उत्तम’. चौथीतला एक मुलगा उभा राहिला, पुस्तक उघडलं आणि धडा असा खडाखडा वाचायला लागला की मीच मान डोलवू लागलो. तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि त्याच्या पुस्तकाची दोन पानं उलटली. मुलगा थांबला नाही. पुढे दुसऱ्याच धड्याचं पान, वर बैलाचं चित्र, आणि हा पठ्ठ्या मघाचाच धडा म्हणतो आहे! मी दुसऱ्या मुलाला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. सगळं पुस्तक तोंडपाठ होतं, वाचता एकालाही येत नव्हतं.

मग गणित. पाढे तीसपर्यंत, पावकी, निमकी, सगळं सुरात. मी विचारलं, “आठ भारे गवत आहे, एकेका भाऱ्यात बारा पेंढ्या, तर पेंढ्या किती?” शेवटी एकाने हळूच विचारलं, “साहेब, हे कितव्या पाढ्यात येतं?” गुरुजी घामाघूम झाले. खरं तर घाम मला फुटायला हवा होता, ‘उत्तम’ मी लिहीत आलो होतो.

आतापर्यंत एकवीस शाळा झाल्या. अठरांमध्ये हाच प्रकार आहे.

म्हणून विचारतो, तू आंबेरीपाड्याच्या शाळेत होतीस तेव्हाच्या तुझ्या पाठांच्या टाचण-वह्या असतील तर पाठव. १९५४ साली मी तुझ्या शाळेवर जो शेरा लिहिला, आणि त्यावरून तुझी बदली वाढवणला झाली, त्याबद्दल तुझ्या मनात अढी असणार. पण सख्ख्या भावाने बहिणीची शाळा तपासायची म्हटल्यावर लोकांचे डोळे लागलेले असतात. मी जे केलं ते नियमाप्रमाणे केलं. कामात नातं आणायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस.

पावसात डाव्या पायाचं वाकडं बोट ठणकतं. बाकी ठीक.

तुझा
काशीनाथ


डहाणू, ता. २ सप्टेंबर १९६२

ती. ताई,

वह्या आल्या नाहीत. येणार नाहीत हेही ठाऊक होतं. तरी लिहितो, कारण हे सांगायला दुसरं माणूस नाही. रखमाला सांगायला गेलो तर ती म्हणाली, “अहो, एवढी शाई खर्चण्यापेक्षा एसटीत बसा आणि वाढवणला जाऊन या.” बायकांना कामाचं गांभीर्य नसतं.

बेचाळीस शाळा झाल्या आणि आंबेरीपाडा उरला. रस्ता वाईट म्हणून मागे ठेवला होता. परवा गेलो.

शाळेवर नेमलेले मास्तर जूनपासून रजेवर आहेत. मला वाटलं कुलूप असेल. पाहतो तर दार उघडं, आत सव्वीस मुलं, आणि त्यांच्यापुढे सोळा-सतरा वर्षांची एक वारली मुलगी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खडू. मी दारात उभा राहिलो तरी एक पोर झाडावर चढलं नाही.

“तू कोण?” मी विचारलं.

“मी शुक्री. मास्तर नाय, तं पोरां मोकाट फिरतांत. म्हणून मी बसवतंय.”

“पगार कोण देतं तुला?”

“पगार कसला, साहेब? सकाळी बसवतंय, मंग गवताला जातंय.”

पाठ्यपुस्तक मी मुद्दामच बाजूला ठेवलं. पिशवीत मलेरियावाल्यांचं पत्रक होतं, ते एका सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातात दिलं. तिने बोट ठेवून वाचलं. हळू वाचलं, जोडाक्षराला अडली, मागे जाऊन पुन्हा वाचलं. आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “हे तं लिवलंय, फवारायच्या आधी भांडी भायेर काढा. आमाला कोणी सांगलाच नाय. आमच्या मडक्यात वास मारतंय अजून.”

ताई, बारा वर्षांत मला पहिल्यांदा एक मूल भेटलं ज्याने वाचलं आणि वाचलेल्यावर तक्रार केली. मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. नोकरी आड आली.

मग तोच गवताचा प्रश्न घातला. आठ भारे, बारा-बारा पेंढ्या. पोरं एकमेकांत कुजबुजली आणि त्यांतली पाच जणं उठून जमिनीवर आडवी झाली. हातपाय वर करून.

आठ वर्षांपूर्वी मी याच दारातून हेच पाहिलं होतं. तेव्हा पाहिलं आणि लगेच दौत मागवली. या वेळी थांबलो.

तुला काय सांगायचं, तुझंच तुला. पण मी कसा समजलो ते तरी ऐक. पाड्यावर आयाबाया विसांनी मोजतात, एक वीसा, दोन वीसा. कारण एका माणसाला बोटं वीस. पोर घरून येतं ते हे मोजणं घेऊन येतं, आणि आम्ही त्याला दारातच सांगतो की हे बाहेर ठेव, इथे दहा-दहाने मोजायचं. इथे तसं कोणी सांगितलं नव्हतं. शुक्री म्हणाली, “चार माणसां भरली, आन् वर सोळा. आता माणूस फोडा.” पोरांनी माणूस फोडला. दोन्ही हातांचे दहा, दोन्ही पायांचे दहा. चार माणसांचे झाले आठ दहा, उरलेल्या सोळांतला पाचव्याच्या हातांचा एक दहा, आणि वर सहा. नऊ दहा आणि सहा. पाटीवर लिहिलं ९६. एका पोराने मला विचारलं, “साहेब, तुमच्याकडं पण माणसाला वीसच असतांत ना?”

मी विचारलं, “हे कोणी शिकवलं?”

“आमच्या बाईने,” शुक्री म्हणाली. “ती वाढवणला रेते.”

पाणी प्यायलो आणि निघालो. ‘ती माझी बहीण’ एवढे तीन शब्द ओठांवर आले आणि तिथेच राहिले.

अहवाल गेला आहे. साहेब खूश आहेत. त्याबद्दल पुढे कधी.

काशीनाथ


डहाणू, भाऊबीज, १९६२

ताई,

आज नवव्या वर्षी पाट रिकामा राहिला. रखमाने रांगोळी काढली होती. मी म्हटलं पुसून टाक, तर म्हणाली, “तुम्हीच पुसा.” मी पुसली नाही.

गेल्या पंधरवड्यात पुन्हा आंबेरीपाड्याला गेलो होतो. एक कोडं सुटत नव्हतं. तू तिथे होतीस दोनच वर्षं. शुक्री तेव्हा दुसरीत. तू गेल्यावर मास्तर कधी असतात, कधी नसतात, पुस्तकं कोणाकडे धड नाहीत. मग तुझ्यानंतर जन्मलेली पोरं न शिकवलेला मजकूर वाचतात कशी?

शुक्रीला विचारलं. तिने तिच्या म्हाताऱ्या आजीला, नवशीला हाक मारली. नवशीने आढ्याला टांगलेलं शिंकाळं खाली घेतलं. त्यात बांबूची करंडी. करंडीत पोस्टकार्डं.

तुझं अक्षर मी अर्ध्या मैलावरून ओळखेन.

सगळी मी तिथेच बसून वाचली, संध्याकाळच झाली. ‘आज वाढवणला अकरा होड्या आल्या. दर होडीत चार टोपल्या बोंबील होते. एका होडीची जाळी फाटली म्हणून तिच्यात दोनच होत्या. टोपल्या किती, ते मला कळवा.’ ‘काल मांजरीने माझा बांगडा नेला. तुमच्याकडे मांजरीने काय नेले ते लिहा.’ ‘मागच्या पत्रात हाल्याने भरती हा शब्द बरोबर लिहिला. भरती म्हणजे काय ते त्याने समुद्र न पाहता कसे ओळखले?’ दर कार्ड नवं. पाठ करायला पुन्हा येणार नाही असं. आठवडे बाजाराच्या दिवशी टपालवाला आणतो, सगळा पाडा जमतो, सगळ्यांत लहान पोराने पहिली ओळ वाचायची अशी रीत आहे. मग सगळ्यांनी मिळून उत्तर लिहायचं. ‘बाईचा कागद’ म्हणतात त्याला.

“किती आहेत?” मी विचारलं.

नवशी म्हणाली, “पंधरा वीसा आन् बारा.” शुक्रीने खडूने जमिनीवर लिहिलं, ३१२.

तीनशे बारा, ताई! सरकारने तुला त्या पाड्यावरून उचललं आणि तू टपालाने शाळा चालवलीस. त्रेचाळीस शाळांवर माणसं, इमारती, फळे, मी, आणि माझी सायकल एवढा सरंजाम आहे. त्याने जे झालं नाही ते तुझ्या कार्डांनी झालं. मी तिथे बसून किती वेळ ‘वा’ म्हणत होतो ते नवशीला विचार. आणि खरं सांगू? मत्सरही वाटला. आठ वर्षांत त्यांना तीनशे बारा, आणि मला एकही नाही.

एक कार्ड मी दोनदा वाचलं. १९५४ च्या जुलैचं. मुलांनी विचारलं असणार की बाई तू का गेलीस. तू लिहिलं आहेस: ‘माझी बदली झाली. साहेबांनी त्यांना दिसले तसे लिहिले. त्यांचा राग करू नका. तुम्ही शिकलात की त्यांना दिसेल.’ साहेब कोण, तुझा कोण, याचा एक शब्द नाही.

म्हणून आज खोटं लिहीत नाही. नियमाप्रमाणे वगैरे काही नव्हतं. त्या दिवशी मोठे साहेब माझ्याबरोबर होते. आम्ही दारात आलो तर तू जमिनीवर बसलेली, पदर खोचलेला, हाताला माती, भोवती पोरं लोळतायत, आणि तू त्यांच्याच बोलीत हसतेयस. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळख दाखवायची लाज वाटली. मी तुला “अहो बाई” म्हणालो. तू हातातलं पोराचं पाऊल सोडलंस आणि उभी राहिलीस. नंतरचा शेरा हा त्या दोन शब्दांवर रचलेला आहे.

आणि मोजणं तरी मला नवीन होतं का? आपल्या ओटीवर पाय पसरून मला कोणी शिकवलं? डाव्या पायावर पाटा पाडून घेतल्यापासून धाकटं बोट वाकडं झालं, म्हणून मी ते मोजायचो नाही, दर वेळी एकोणीसच यायचे. तू ते चिमटीत धरून म्हणायचीस, “हे वाकडं, पण मोजायचं.” मला मोजायला शिकवलंस त्याच रीतीने त्यांना शिकवत होतीस, आणि ती रीत मला ओळखता आली नाही. ओळखली असेन, तर ते आणखी वाईट.

अजून एक. माझ्या अहवालात मी ही माणसं फोडायची रीत लिहिली, नव्या मजकुराचं वाचन लिहिलं, सगळ्या शाळांना लागू करावं म्हणून शिफारस केली. तुझं नाव घातलं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दिवाळीच्या आधी वाणगावपर्यंत आलो होतो. स्टेशनबाहेर वाढवणचा टांगा उभा होता. टांगेवाल्याने दोनदा विचारलं. मी चहा प्यायलो आणि परत गाडीत बसलो.

काशीनाथ


डहाणू, ता. १६ डिसेंबर १९६२

ती. ताई,

चांगली बातमी आहे, थोडी गाठ बसली आहे, पण सुटेल.

मे महिन्यात तलासरीला शिक्षकांचं शिबिर भरणार आहे. चाळीस जण. वाचन आणि गणित कसं शिकवायचं, एवढा एकच विषय. यंदा शिबिर धड झालं तर जूनपासून सगळ्या शाळांत ही रीत सुरू, नाही तर पुन्हा पाठांतर आहेच. मी साहेबांना जाऊन सांगितलं की ही रीत माझी नाही, वाढवणच्या हिरकणीबाईंची आहे, शिबिर त्यांनीच घ्यावं. साहेब भले आहेत. म्हणाले, नाव वर पाठवा.

काल उत्तर आलं. ज्यांच्यावर प्रतिकूल शेरा आहे त्यांना मार्गदर्शक म्हणून बोलावता येत नाही. सोबत शेऱ्याची नक्कल जोडली होती, खाली सही माझी.

तू नसलीस तर शिबिर मला घ्यावं लागेल. मी उभा राहून सांगेन, गुरुजी वहीत उतरवून घेतील, जूनमध्ये पोरांकडून तेच पाठ करून घेतील. ‘माणसाला वीस बोटे असतात’ हे सुरात म्हणतील. तसं होऊ द्यायचं नाही.

यावर मी युक्ती काढली आहे. तू एक साधा अर्ज कर. ‘सन १९५४ मध्ये झालेल्या त्रुटीबद्दल दिलगीर आहे, सेवा पाहून शेरा माफ व्हावा,’ एवढंच. मसुदा सोबत जोडला आहे, तू फक्त सही कर. पुढचं मी बघतो. कोणाला दुखवायला नको, आणि माझ्या बढतीचे कागदही सध्या वर गेलेले आहेत, तेव्हा जरा जपून.

उलट टपाली पाठव.

काशीनाथ


आंबेरीपाडा, ता. ११ फेब्रुवारी १९६३

ताई,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी आलेलं, तेही पुरतं भरलेलं नाही. ‘चि. काशीनाथास आशीर्वाद. तुझी पत्रे पोचली. मला कशाला लिहितोस? जिथे लिहिले होतेस तिथे लिही. हिरकणी.’ मागे मसुद्याचे तुकडे वेगळ्या पाकिटात. तुझी पद्धत चोख.

पहिले चार दिवस मी तुझ्यावर चिडलो. बढतीच्या यादीत नाव असताना स्वतःच्या शेऱ्याखाली ‘मी चुकलो’ लिहिणारा अधिकारी कोणी पाहिला आहे का? पाचव्या दिवशी रखमाने कार्ड भिंतीवर लावलं. जेवताना समोर येईल असं.

आज मुद्दाम १९५४ च्या शेऱ्याचीच तारीख साधून आलो. शाळेचं शेरेबुक मागितलं. मास्तर अजून रजेवरच, म्हणून शुक्रीने पेटीतून काढून दिलं. मी म्हणालो, “पान तेवीस काढ आणि मोठ्याने वाच.” स्वतः वाचायचं धैर्य नव्हतं, हे खरं कारण. पण आणखीही काही मनात होतं, ते लिहिताना मलाच नीट कळत नाही.

तिने वाचलं. पोरं ऐकत होती, नवशी दारात होती. ‘शाळेच्या वेळेत पाच मुले वर्गात निजलेली आढळली. बाईंनी सांगितलेले कारण विचारात घेण्याजोगे नाही. बाई मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलतात. इयत्ता दुसरीतील शुक्री लाहू हिला सत्याऐंशी ही संख्या सांगता आली नाही. ही मुलगी शिकण्याजोगी दिसत नाही. शिक्षिकेची बदली व्हावी.’

कुठे अडली नाही, ताई. ‘विचारात घेण्याजोगे’ला अडली नाही, समासातल्या तांबड्या ‘प्रतिकूल’ला अडली नाही. ‘शिकण्याजोगी दिसत नाही’ हे वाक्य तिने जसं आहे तसं, स्वच्छ वाचलं, आणि मग बोट त्याच ओळीवर ठेवून थांबली.

“ही शुक्री म्हंजे मीच ना, साहेब?”

“तूच.”

“निजली नव्हती पोरां. मी चवथा माणूस होती.” तिने बोट एक ओळ वर नेलं. “मी चार वीसा आन् सात बोलली होती. तुमी बोलले चूक.”

“मीच चुकलो होतो,” मी म्हणालो. “आणि तुझ्या बाईंचा मी धाकटा भाऊ.”

पोरं हसली. त्यांना वाटलं साहेब गंमत करतोय. नवशी मात्र हसली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “नाक तिचाच हाय.” मग आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा ठेवला. याआधी दोनदा आलो तेव्हा पाणीच मिळालं होतं.

मी त्याच पानावर लिहिलं. नक्कल तुला पाठवतो, कारण ती तुझी आहे:

‘वरील शेरा मी लिहिला. तो चुकीचा आहे. मुले निजलेली नव्हती, मोजत होती. सत्याऐंशीचे उत्तर बरोबर होते, ते मला समजले नाही. हा शेरा आज शुक्री लाहू हिने एकही चूक न करता वाचून दाखवला. या भागातील सर्व शाळांसाठी मी सुचवलेली रीत श्रीमती हिरकणीबाई यांची आहे. त्या माझ्या भगिनी आहेत, हे मी १९५४ साली नमूद केले नाही, ते आज करतो. का. ना. राऊत.’

सही करून शाई वाळेपर्यंत बसलो. एक प्रत साहेबांना, एक वर. बढतीचं जे व्हायचं ते होईल.

तुझा
काशीनाथ


डहाणू, ता. २४ मे १९६३

ताई,

तू वाढवणला परत गेलीस त्याला तीन दिवस झाले. शिबिरात सांगायला हवं होतं ते तिथे जमलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

बढतीच्या यादीत माझं नाव नाही. रखमा म्हणते, बरं झालं, बदली टळली. शिबिराला तुला परवानगी मिळाली, त्यापुढे ते काहीच नाही.

तलासरीला एसटीतून उतरलीस तेव्हा मी पुढे झालो. तू ट्रंक खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “साहेब, फळा कुठे आहे?” पाच दिवस तू मला साहेबच म्हणालीस. मागितलेलंच होतं मी ते, म्हणून फळा दाखवला.

पण पाच दिवस मी तुला पाहत होतो. रामनाथ गुरुजी पहिल्या दिवशी म्हणाले, “बाई, आम्ही तीस वर्षं शिकवतो आहोत.” तू म्हणालीस, “तर मग तुमच्याकडून बरंच शिकायला मिळेल. एवढं कार्ड वाचून दाखवा.” कार्ड आंबेरीपाड्याच्या पोरांचं होतं, त्यांच्या बोलीतलं. गुरुजी अडखळले, दोन शब्द चुकले, तुझ्या मदतीला येऊन मागे बसलेल्या शुक्रीने ते सुधारले. सगळे हसले. तू हसली नाहीस. म्हणालीस, “पोरांना आपली भाषा वाचताना रोज असंच होतं.” त्यानंतर त्या खोलीत कोणी तीस वर्षांचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःहून शुक्रीला विचारत होते, माणूस कधी फोडायचा आणि कधी अखंड ठेवायचा. मी कौतुकाने बघतच राहिलो. आपल्या घरातलं माणूस एवढं मोठं आहे हे कळायला मला त्रेचाळीस शाळा हिंडाव्या लागल्या.

आणि शेवटचा दिवस. तू म्हणालीस, “शंभर करायचे आहेत. पाच माणसं आडवी व्हा.” रामनाथ गुरुजी पहिले, धोतर सावरून, टोपी छातीवर ठेवून. मग तीन तरुण मास्तर. पुढे कोणी उठेना. तू खोलीभर पाहिलंस. “पाचवा माणूस कमी आहे,” असं म्हणालीस, आणि माझ्याकडे पाहिलंस.

मी वहाणा काढल्या आणि आडवा झालो.

तू जमिनीवर बसलीस, पदर खोचलास. गुरुजींपासून सुरू केलंस. एक वीसा. दोन. तीन. चार. मग माझे हात. एक्याऐंशीपासून नव्वद. उजवा पाय, पंच्याण्णव. डाव्या पायाचा अंगठा शहाण्णव. नव्याण्णवला थांबलीस. धाकटं बोट चिमटीत धरलंस. मी छताकडे बघत होतो. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ऊन येत होतं.

“हे वाकडं, पण मोजायचं,” तू म्हणालीस. “शंभर.”

डोळ्यांत खडूची भुकटी गेली, असं मी नंतर शुक्रीला सांगितलं. तिने ते मानलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. काल रामनाथ गुरुजींची टाचण-वही तपासायला आली. शिबिरातलं सगळं त्यांनी नेटकं उतरवून घेतलं आहे. शंभरच्या पाठाखाली तांबड्या शाईने लिहिलं आहे: ‘शेवटचे बोट वाकडे असल्यास तेही मोजावे.’ मी ते खोडलं नाही. खाली सही केली.

तुझा
काशीनाथ